दारावर येणारे विक्रेते: नकार कधी द्यायचा, कसा द्यायचा?

उंबरठा (धागाकर्ती):

गेल्या महिन्यात माझ्या आईने दारावर आलेल्या एका मुलाकडून पाणी शुद्ध करायचं यंत्र घेतलं. तिच्याकडे एक यंत्र आधीपासून आहे आणि ते उत्तम चालू आहे. आई ७४ वर्षांची, दिवसभर घरी एकटी असते. तिची बुद्धी तल्लख आहे, सगळे हिशोब स्वतः बघते. ती वयामुळे फसली असं कुणी म्हणू नका. तिच्या जागी मी असते तर माझंही तेच झालं असतं.

झालं ते असं. पंचविशीतला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला नम्र. "या भागातल्या पाण्याची मोफत तपासणी चालू आहे, दोनच मिनिटं लागतील," म्हणाला. आईने आत घेतलं. त्याने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं. दोन्हींत धातूच्या दांड्या सोडल्या, वायर जोडली आणि बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर फेस आला, खाली साका बसला. त्याच्या बाटलीतलं पाणी होतं तसंच नितळ राहिलं. आई हादरलीच. नंतर फोनवर मला म्हणाली, "इतकी वर्षं मी तुम्हाला हे पाजलं?" तो स्वर अजून माझ्या कानात आहे.

हा प्रकार मी नंतर समजून घेतला, आणि तो सगळ्यांना कळावा असं मनापासून वाटतं. दांड्या लोखंडाच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचाच गंजासारखा गाळ पाण्यात उतरतो. त्याच्या बाटलीत असतं आरओ यंत्रातून गाळलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. म्हणजे ती घाण पाण्यातली नसतेच, दांडीतली असते. त्याच्या 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तसंच तपकिरी झालं असतं. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे या प्रयोगातून अजिबात कळत नाही. क्षार असलेलं पाणी पिण्यायोग्य असू शकतं आणि नितळ दिसणारं पाणी दूषित असू शकतं. शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्यायचा, दुसरा मार्ग नाही.

यंत्र परत गेलं. अकरा दिवस फोन, पत्रं, पुन्हा फोन. पण धागा काढला तो यंत्रासाठी नाही. मी आईला विचारलं, तुला संशय आला होता ना? म्हणाली, "आला होता की. पण तो पाऊण तास बसला, एवढं सगळं मांडलं, घाम पुसत होता बिचारा. मग नको कसं म्हणायचं?"

ती अडली ती इथे. फसवणूक ओळखूनही तिला नकार देता आला नाही. तर मला विचारायचंय: तुम्ही दारावर नकार कसा देता? कधी देता? आणि घरातल्या मोठ्यांना हे कसं सांगता, त्यांना कमीपणा न वाटू देता?

---

रात्रपाळी:

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण दार तेच. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. सकाळी नऊला झोपते, दुपारी चारला उठते. दारावरचे सगळे नेमके याच वेळात येतात. झोप मोडली की पुन्हा लागत नाही आणि त्या रात्री माझ्या हातात लोकांची औषधं असतात. मला विक्रेत्यांचा राग नाही. मला झोप हवी आहे.

दारावर पाटी लावली: "विक्रेत्यांनी बेल वाजवू नये." निम्मे थांबले. निम्मे बेल वाजवून म्हणतात, "आम्ही विक्रेते नाही, सर्वेक्षणाला आलोय."

---

जुना_विक्रेता:

उंबरठा, मी हे काम अडीच वर्षं केलं आहे. घरगुती सफाईची यंत्रं विकायचो. म्हणून दाराच्या बाहेरच्या बाजूने सांगतो, कदाचित तुमच्या आईंना उपयोग होईल.

पगार नव्हता, विक्रीवरच कमिशन. दिवसाला ऐंशी-नव्वद दारं. त्यातली तीसेक उघडायची. आत बोलावणारी तीन-चार. विक्री झाली तर एक, आणि ती रोज व्हायची असं नाही. पहिल्या आठवड्यात आम्हाला जे शिकवलं त्यात वस्तूबद्दल फार थोडं होतं. शिकवलं ते दाराबद्दल.

बेल वाजवून दोन पावलं मागे सरायचं आणि अंग थोडं तिरकं ठेवून उभं राहायचं, म्हणजे माणसाला दडपण येत नाही. पहिल्या वाक्यात 'विक्री' हा शब्द येता कामा नये. तपासणी, सर्वेक्षण, मोफत सेवा, योजना, काहीही चालेल. शेजारच्या घराचा उल्लेख करायचा, "समोर आत्ताच देऊन आलो" असं म्हणायचं. मग ज्यांची उत्तरं 'हो' अशीच येतील असे दोन-तीन प्रश्न विचारायचे: घरात लहान मुलं असतील ना? धूळ होतेच ना? माहितीपत्रक हातात द्यायचं, कारण हातात घेतलेली वस्तू परत करायला माणूस संकोचतो. आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी आणायला माणूस आत वळतो आणि दार उघडं राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं शिकवलं होतं ते कारणांबद्दल. "आत्ता पैसे नाहीत" म्हटलं की हप्त्यांचा कागद काढायचा. "मिस्टरांना विचारावं लागेल" म्हटलं की त्यांच्या येण्याची वेळ विचारून घ्यायची. "आमच्याकडे आहे एक" म्हटलं की जुनं बदलून द्यायची योजना सांगायची. प्रत्येक कारणाला आमच्याकडे उत्तर होतं, वहीत लिहून पाठ करून घेतलेलं. फक्त एका वाक्याला त्या वहीत उत्तर नव्हतं: "मी दारावर काही घेत नाही." त्यात कारणच नाही, मग उत्तर कशाला देणार?

आता तुमच्या आईंसाठी, हे त्यांना माझ्याकडून सांगा. जो माणूस पहिल्या दहा सेकंदांत "नको" म्हणायचा, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मी पुढच्या दारावर जायचो. वाईट वाटायचं ते पाऊण तास ऐकून, सगळं मांडायला लावून, शेवटी अवघडून नको म्हणणाऱ्यांचं. तो पाऊण तास माझ्या कमाईतून जायचा. त्या मुलाला घाम आला होता म्हणून त्याच्यावर दया करायची असेल तर ती दार उघडतानाच करायची. लवकर नाही म्हणणं हीच त्याला मदत आहे.

---

उंबरठा:

जुना_विक्रेता, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. "मी दारावर काही घेत नाही" हे तिने लिहून घेतलं. पाणी मागण्याचा भाग ऐकून गप्प झाली. त्या मुलानेही पाणी मागितलं होतं.

---

पाऊलखूण:

जुना_विक्रेता यांनी सांगितलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर संशोधन झालेलं आहे. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही.

१९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या पालो आल्टो भागातल्या गृहिणींवर एक प्रयोग केला. मागणी मोठी होती: आमची पाच-सहा माणसं तुमच्या घरी येतील, दोन तास कपाटं उघडून कोणकोणत्या वस्तू आहेत ते मोजतील, चालेल का? थेट विचारलं तेव्हा सुमारे २२ टक्के बायकांनी होकार दिला. दुसऱ्या गटाला आधी फोनवर साबणाबद्दलचे आठ साधे प्रश्न विचारले होते. तीन दिवसांनी तीच मोठी मागणी केली, तर ५३ टक्के हो म्हणाल्या. बाकी सगळं तेच होतं. आधी एक लहानसा होकार मिळवला होता, एवढाच फरक.

'दोनच मिनिटं' हा तो लहान होकार. विक्री तिथेच सुरू होते. म्हणून मी म्हणते, सर्वेक्षणालाही दारात उत्तर देऊ नका. खरं सर्वेक्षण असेल तर त्या संस्थेचं नाव विचारा, कागद मागा आणि स्वतः चौकशी करून मग बोला. रात्रपाळी, तुमच्या पाटीत 'सर्वेक्षण' हा शब्दही घालून बघा.

उंबरठा, आईंना एक आवर्जून सांगा. अशा वेळी अवघडणं हा भोळेपणा नाही. समोरच्या माणसाच्या श्रमांची किंमत कळते म्हणून माणूस अवघडतो. असा संकोच वाटणाऱ्या माणसांचाच फायदा या पद्धतीत घेतला जातो.

---

तिसरा_जिना:

+१

माझी पद्धत साधी आहे. जाळीचं दार उघडत नाही. आतूनच बोलते, थांबत नाही, "नको, धन्यवाद" म्हणून लाकडी दार लावते. सुरुवातीला हात थरथरायचे. आता सवय झाली.

---

कलम_कागद:

वकिली करतो. इथे वेगवेगळ्या देशांत राहणारे लोक आहेत, म्हणून जिथली माहिती नक्की आहे तिथली लिहितो. दारावरच्या विक्रीत माणूस तयारीत नसतो आणि दडपणाखाली असतो, हे बऱ्याच देशांच्या कायद्याने मान्य केलं आहे. म्हणून विचार बदलायला मुदत दिलेली असते, तिला 'कूलिंग-ऑफ' म्हणतात.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार घरी झालेली विक्री तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते. विमा, स्थावर मालमत्ता आणि तातडीची दुरुस्ती यांना हा नियम लागू नाही. युरोपीय संघात २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार मुदत १४ दिवस आहे, आणि विक्रेत्याने या हक्काची माहितीच दिली नसेल तर ती आणखी १२ महिन्यांनी वाढते. ब्रिटनमध्येही १४ दिवस. जपानमध्ये कराराचा कागद हातात पडल्यापासून ८ दिवस. तिथे तर विक्रेत्याने आधी आपलं नाव आणि येण्याचा हेतू सांगावाच लागतो आणि एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा गळ घालता येत नाही.

ऑस्ट्रेलियात १० कामकाजाचे दिवस आहेत, शिवाय वेळाही ठरलेल्या आहेत. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला यायचं नाही, इतर दिवशी सकाळी नऊच्या आत नाही, संध्याकाळी सहानंतर नाही, शनिवारी पाचनंतर नाही. जा म्हटलं की लगेच निघायचं आणि त्या कंपनीने त्या घरी ३० दिवस फिरकायचं नाही.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने १ मार्च २०१८ पासून न बोलावता दारावर येऊन काही उपकरणांचे करार करायला बंदीच घातली. त्या यादीत घर गरम ठेवायच्या भट्ट्या, एसी, पाणी तापवायची यंत्रं आहेत आणि उंबरठा, पाणी शुद्ध करायची यंत्रंही आहेत. एका वस्तूसाठी कायदा करावा लागावा इतकी माणसं तुमच्या आईंसारखी अडकली होती.

भारतात 'थेट विक्री' करणाऱ्यांसाठी २०२१ च्या डिसेंबरमध्ये नियम आले. त्यानुसार ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी, यांशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचं नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. दारावर विमा घेतला असेल तर पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

अडकलाच असाल तर पहिल्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर बोलून थांबू नका. ईमेल, नोंदणीकृत पत्र, जे पाठवाल त्याची प्रत ठेवा. वस्तू वापरू नका, खोका फेकू नका. आणि सही करताना तारीख बघा. मागची तारीख टाकून मुदत संपल्याचं दाखवल्याची प्रकरणं माझ्याकडे आली आहेत.

---

रात्रपाळी:

कलम_कागद, पाटीला कायद्यात काही किंमत आहे का? की ती नुसती विनंतीच?

---

कलम_कागद:

आहे, निदान काही ठिकाणी तरी. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने 'दार ठोठावू नका' ही पाटी म्हणजे निघून जाण्याची विनंतीच आहे असं धरलं आणि पाटी असूनही दार वाजवणाऱ्यांना दंड केला.

तुमच्यासाठी एक जुना खटला सांगतो, वाचताना मला नेहमी रात्रपाळीची माणसं आठवतात. अमेरिकेत ओहायोमध्ये स्ट्रदर्स नावाचं गाव आहे. पोलाद कारखान्यांचं गाव, कामगार पाळ्यांमध्ये काम करायचे आणि दिवसा झोपायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून गावाने पत्रकं वाटायला दार वाजवण्यावर सरसकट बंदी घातली. धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या एका बाईला दंड झाला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४३ मध्ये न्यायालयाने बंदी रद्द केली. कारण असं की, कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही हे गावाने सगळ्यांच्या वतीने ठरवायचं नाही, ते ज्या त्या घराने ठरवायचं. पण त्याच निकालात हेही आहे की घरमालकाने नको असं कळवलेलं असताना जो दार वाजवतो, त्याला शिक्षा करणारा कायदा गावाला करता येईल. म्हणजे पाटी हीच त्या घराची इच्छा.

---

दुसरं_फाटक:

मला हे सगळं अती वाटतं. आमच्या वसाहतीने फाटकावरच सांगून ठेवलंय, विक्रेता आत सोडायचा नाही. प्रश्न मिटला. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने वाक्यं पाठ करण्यापेक्षा हे सोपं नाही का? अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाने १९३१ मध्येच घरमालकाने बोलावल्याशिवाय विक्रेत्याने दारावर जायचं नाही असा नियम केला होता, आणि तो न्यायालयात टिकला. नंतर कितीतरी गावांनी तो उचलला. नियम करायला लाजायचं कशाला?

---

उंबरठा:

दुसरं_फाटक, तुमचं म्हणणं कळतं. आईच्या इमारतीत तसा नियम असता तर हे झालं नसतं, हे खरंच. पण सगळीकडे फाटक नसतं. आई राहते तिथे रस्त्यावरूनच जिना चढता येतो. आणि फाटक असलं तरी फोन आहेच, तिथेही हाच नकार द्यावा लागतो.

---

पाठीवरचं_ओझं:

दुसरं_फाटक यांच्याशी मी असहमत आहे आणि जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील दारोदार फिरून विकायचे. चादरी, पायपुसणी, पडद्याचं कापड. पाठीवर गाठोडं. ते कधी तपासणीला आलोय म्हणाले नाहीत. दारात गाठोडं सोडायचे, भाव सांगायचे, नको म्हटलं की गाठ मारून उठायचे. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून बाजारात जाता न येणाऱ्या बायका, गुडघे दुखणारे म्हातारे. त्यांच्यासाठी दारावर माल येणं ही सोय होती. काही घरी वीस-वीस वर्षं जात होते. उधारी तोंडी असायची आणि बुडायची नाही.

एका वसाहतीने असाच नियम केला. एका दिवसात चाळीस घरं गेली. त्यातल्या दोन बायका फाटकापर्यंत चालत येऊन त्यांना भेटल्या, "आम्हाला कुणी विचारलं नाही हो" म्हणाल्या. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

म्हणून मला वाटतं, 'विक्रेता' म्हणून सगळ्यांना एका दोरीने बांधू नये. माल उघडा ठेवून, भाव सांगून, नकार ऐकून जाणारा एक. आपण कशाला आलोय तेच लपवणारा दुसरा. मी दारावरच्या माणसाला एकच विचारते: "तुम्ही काही विकायला आला आहात का?" जो सरळ हो म्हणतो त्याचं मी ऐकते, हवं असेल तर घेतेही. जो हो म्हणायचं टाळून तपासणी, योजना, बक्षीस असं काही सुरू करतो, त्याच्याशी पुढे बोलतच नाही.

---

जुना_विक्रेता:

हा प्रश्न फार चांगला आहे. आम्हाला कुणी असं थेट विचारलं असतं तर खरं बोलून पुढचं काही शिकवल्याप्रमाणे करताच आलं नसतं.

---

दुसरं_फाटक:

पाठीवरचं_ओझं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे नियम करताना सभेला नऊ जण होतो, घरं शंभरावर आहेत. बाकीच्यांना विचारलं नव्हतं. पुढच्या सभेत हा विषय काढतो. रोजचा भाजीवाला, शिंपी, जुने ओळखीचे यांची नोंद ठेवून आत सोडता येईल, आणि ज्या घराला नको ते घर पाटी लावेल.

---

कलम_कागद:

त्यात एक ध्यानात ठेवा. प्रचार, धर्म, देणग्या यांच्यासाठी येणारे आणि विक्रीला येणारे, यांच्यात न्यायालयं बऱ्याचदा फरक करतात. ओहायोतल्याच स्ट्रॅटन गावाने दारावर जायच्या आधी परवाना घ्या असा नियम केला होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धर्म आणि राजकीय मतं सांगायला येणाऱ्यांसाठी तो घटनाबाह्य ठरवला. शेजाऱ्याशी बोलायला परवाना मागू नये, असा त्याचा रोख होता. खासगी वसाहतीची गोष्ट वेगळी, पण नियम लिहिताना कुणाला अडवतोय हे स्पष्ट लिहा.

---

मूठभर:

देणग्यांचा विषय निघालाच आहे तर. मी एका छोट्या संस्थेसाठी दारोदार निधी गोळा करते. आमच्याबद्दलही लोकांना हाच संकोच होतो आणि मला तो नको असतो. दडपणाखाली दिलेले पैसे घेताना मलाच कसंतरी होतं.

डेलाविन्या, लिस्ट आणि मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांचा २०१२ मधला एक अभ्यास आमच्या प्रशिक्षणात वाचला होता. शिकागोच्या आसपासच्या घरांना त्यांनी आदल्या दिवशी दारावर चिठ्ठी लावून कळवलं की उद्या अमुक वेळेत निधीसाठी येणार आहोत. त्यामुळे दार उघडणाऱ्यांचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. चिठ्ठीत 'येऊ नका' यावर खूण करायला चौकोन दिला तेव्हा देणग्या २८ ते ४२ टक्क्यांनी कमी झाल्या आणि घटल्या त्या मुख्यतः लहान रकमा. म्हणजे त्या लहान रकमांचा बराच भाग नाही म्हणता न आल्यामुळे निघत होता.

तेव्हापासून आम्ही आधी चिठ्ठी टाकतो, दारात पैसे घेत नाही, पावतीपुस्तक आणि खात्याचा तपशील देऊन येतो. रक्कम कमी जमते. पण जी जमते ती दरवर्षी येते.

कुणी दारातच रोख मागत असेल, संस्थेचा नोंदणी क्रमांक सांगत नसेल, तर देऊ नका. खरी संस्था "उद्या देते" म्हटल्यावर रागावत नाही.

---

काजळमाया:

दागिन्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. "भांडी चमकवायची पावडर" दाखवायला दोघं आले होते. पितळेची मूर्ती चकचकीत करून दाखवली, मग "हातातल्या बांगड्याही द्या" म्हणाले. माझ्या मावशीने दिल्या. पिवळट द्रावणात बुडवून काढल्या, खरंच चमकत होत्या. महिन्याने सोनाराकडे वजन केलं तेव्हा कळलं काय गेलं ते.

नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, ज्याला अम्लराज म्हणतात, त्यात सोनं विरघळतं. द्रावणात गेलेलं सोनं नंतर वेगळं काढता येतं. दागिना तुमच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून संशय येत नाही. कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा: अंगावरचा दागिना दारात उतरवायचा नाही. कुणासाठीही.

---

चिमणीपाखरं:

मुलं घरी एकटी असतात त्यांच्यासाठी. "घरी कुणी नाही" असं कधीच बोलायचं नाही, हे आम्ही शिकवलंय. दार न उघडता आतून "आई कामात आहे, नंतर या" एवढंच. अगदी गप्प बसायलाही सांगत नाही. घर रिकामं आहे का हे बघायला कुणी बेल वाजवत असेल तर आवाज गेलेला बरा.

मीटर बघायला, गॅस तपासायला आलोय म्हणणाऱ्यांचं: त्यांच्या ओळखपत्रावरच्या नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच माणूस उचलू शकतो. आपल्या बिलावर छापलेला नंबर लावा. तोवर त्यांना बाहेर थांबू द्या. खरा कर्मचारी थांबतो.

---

तिसरा_जिना:

एक विनंती. इमारतीच्या ग्रुपवर दारावरच्या माणसांचे फोटो टाकून "सावध राहा" लिहिणं थांबवूया का? आमच्याकडे अशाच एका मुलाचा फोटो फिरला. तो खरंच पुस्तकं विकणारा विद्यार्थी होता. पुढच्या गल्लीत लोकांनी अडवून त्याची पिशवी उपसली, ढकलाढकली झाली. पहिला फोटो टाकणाऱ्या काकूंना हे कळल्यावर त्या रडल्या. त्यांचा तसा हेतू नव्हता. काय सांगून आला होता, काय मागत होता, एवढं लिहिलं तरी सगळे सावध होतात. चेहरा कशाला?

---

पाऊलखूण:

पूर्ण सहमत.

---

उंबरठा:

चार दिवसांनी येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, तिला पाठीवरचं_ओझं यांचा सगळ्यात भिडला. "मग मी सगळ्यांनाच नको म्हणायचं नाही," असं तिनेच ठरवलं. आधी "काही विकायला आलात का?" हा प्रश्न, आणि नको असेल तर ते वाक्य. रविवारी आम्ही दोघींनी सराव केला. मी जिन्यात उभी राहिले, तिने जाळीच्या दाराआडून बोलायचं. पहिल्या तिन्ही वेळा तिने "नको" म्हणून पुढे कारण दिलंच: अहो, आमच्याकडे आहे, अहो, मुलगी नाही म्हणते. चौथ्यांदा नुसतं वाक्य म्हणाली आणि दार लावलं. मग परत उघडून विचारलं, "फार तुटक वाटलं का गं?"

नाही वाटलं, आई.

पाटीही करायची आहे. मजकूर असा ठरतोय: "कृपया तपासणी, सर्वेक्षण किंवा योजनेसाठी बेल वाजवू नये. येण्याआधी लेखी कळवावे." कुणाला काही सुचवायचंय?

---

रात्रपाळी:

मी हाच मजकूर उचलते. खाली "दिवसा झोप असते" एवढं जोडेन.

---

जुना_विक्रेता:

पाटी दारावर लावू नका, बेलच्या बटणाशेजारी लावा. आम्ही दाराकडे बघत नव्हतो, बटणाकडे बघायचो. आणि अक्षरं मोठी ठेवा, लहान अक्षरं वाचायच्या आत बोट दाबलं गेलेलं असतं.

---

उंबरठा:

बटणाशेजारीच लावली. मोठ्या अक्षरांमुळे एक ओळ कमी करावी लागणार होती, पण आईने सुरुवातीचं "कृपया" काढू दिलं नाही. "लेखी कळवावे" गेलं, "कृपया" राहिलं.